तळाचं औषध

“हे पाणी आहे!” असं म्हणत मी औषधाची बाटली उपाध्यांच्या काउंटरवर अशी आपटली, की शेजारी उभ्या असलेल्या म्हातारबांच्या हातातली चिठ्ठी खाली पडली.

बुधवारची सकाळ, अकराचा सुमार. साल एक्क्याण्णव, मार्च महिना. तासगावच्या पेठेत द्राक्षांच्या पेट्या भरलेले ट्रक उभे होते आणि उपाध्यांच्या औषधाच्या दुकानापुढे सात-आठ गिऱ्हाइकं. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. पाहू देत, म्हटलं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर अर्ध्या तालुक्याशी बोलायची सवय, त्यामुळे माझा आवाज आधीच खणखणीत, आणि त्या दिवशी तर तो पार मारुतीच्या देवळापर्यंत गेला असेल.

“काय झालं ताई?” उपाध्यांनी चष्मा सावरत विचारलं. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस.

“ते मलाच विचारता? परवा सोमवारी आमच्या ह्यांनी हे औषध तुमच्याकडून नेलं. पोरीचा कान ठणकत होता, ताप एकशेतीन. डॉक्टर सावर्डेकरांनी लिहून दिलं, दिवसातनं तीन वेळा, सात दिवस. गजर लावून देतेय मी! झाकणावरच्या खुणेला डोळा लावून माप घेतेय. एक थेंब इकडचा तिकडे नाही. आणि आज तिसरा दिवस, तर ताप जागचा हलत नाही. आत्ता डॉक्टरांकडून येतेय. कानामागचं हाड सुजलंय म्हणतात. मिरजेला न्या, ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. साडेतीन वर्षांची आहे हो माझी मृदुला! तिचं हाड कापायचं ते कशासाठी? तुमच्या ह्या रंगीत पाण्यासाठी?”

उपाध्यांनी बाटली उचलली, उजेडाला धरली, हलवली, झाकण काढून वास घेतला. मग बाटली खाली ठेवून म्हणाले, “ताई, बाटली माझी. लेबल माझं. आतलं औषध माझं नाही.”

“वा! म्हणजे आमच्या घरी भूत येऊन औषध बदलून गेलं!”

एकजण हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने तोंड फिरवलं.

उपाध्यांनी मागच्या फळीवरनं तशीच नवी बाटली काढली. आत नुसती कोरडी पावडर. त्यांनी बाटली टिचक्या मारून पावडर मोकळी केली, उकळून गार केलेलं पाणी बाणाच्या खुणेपर्यंत ओतलं, झाकण लावून खडखडून हलवली, परत खुणेपर्यंत पाणी घातलं, परत हलवली. मग झाकणात थोडं ओतून माझ्यापुढे धरलं. गुलाबी, ताकासारखं दाट. शेजारी आमच्या बाटलीतलं ओतलं. ते सरबताचा पेला विसळलेल्या पाण्यासारखं दिसत होतं.

“हे औषध पाण्यात विरघळून जात नाही,” ते म्हणाले. “बाटली ठेवली की पावडर खाली बसते. म्हणून दर वेळी हलवून द्यायचं. गार जागी ठेवायचं. सात दिवस झाले की उरलेलं टाकून द्यायचं, पुढच्या आजारासाठी ठेवायचं नाही. हे सगळं मी तुमच्या साहेबांना सांगितलं होतं. हलवायचं तर दोनदा सांगितलं. साहेब हो हो म्हणाले.”

“मला कुणी काही सांगितलेलं नाही. आणि हलवून करायचंय काय? तळाला आहे काय हलवायला?” मी आमची बाटली त्यांच्या नाकासमोर उलटीपालटी केली. “कण नाही! पावडरच टाकली नसणार तुम्ही. अर्ध्या किमतीचा बनावट माल आणायचा आणि लेकरांच्या गळ्यात घालायचा. सांगलीला तक्रार करते की नाही बघा!”

“ताई, एवढं बोलू नका. वीस वर्षं दुकान आहे माझं.”

“वीस वर्षं हेच करत असाल!”

मघाचे म्हातारबा चिठ्ठी खिशात घालून हळूच सटकले. त्यांच्यामागून आणखी एक बाई गेली. उपाध्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि खरं सांगते, मला ते बघून बरं वाटलं. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. कुणावर तरी ते निघायला हवं होतं.

घरी आले तर मामंजी, म्हणजे माझे सासरे, पडवीत मांडी घालून बसलेले. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. वय चौऱ्याहत्तर, प्राथमिक शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील जुन्या काळातले वैद्य. त्यामुळे मामंजींकडे अजून कुणी ना कुणी काढा विचारायला यायचं. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. मी एक ते आठच्या ड्यूटीला गेले की पोर त्यांच्याजवळ. दुपारचा डोसही तेच द्यायचे. तीन दिवस मृदुलाने त्यांची मांडी सोडली नव्हती. आताही ती तिथेच ग्लानीत पडली होती आणि ते एका हाताने पंखा हलवत होते.

मी बाटली माठाशेजारच्या कोनाड्यात ठेवायला गेले आणि एकदम मनात आलं.

“मामंजी, सोमवारी ही बाटली आली, तेव्हा आत दाट काही होतं का हो?”

“होतं तर! तळाला बोटभर गाळ होता.”

“मग तो…”

“काढला ना मी.” त्यांनी पंखा थांबवला नाही. “दुपारी द्यायला घेतो तर हा एवढा गाळ. म्हटलं, शाबास! पैसे मोजून घ्यायचे आणि साधं गाळूनसुद्धा द्यायचं नाही ह्या कंपन्यांनी? वरची निवळ अलगद ओतून घेतली. चौपदरी फडक्यातून गाळली, एकदा नाही, दोनदा. बाटली उकळत्या पाण्याने धुतली आणि परत भरून ठेवली. आमचे वडील द्राक्षासव करायचे ना, महिनाभर मुरवायचे, पण घ्यायची ती वरची निवळ. तळाचा गाळ टाकायचा. लेकराच्या पोटात गाळ जाता कामा नये.”

“तो गाळ कुठे टाकला तुम्ही?”

“परसात. कर्दळीच्या आळ्यात.”

एवढं बोलून त्यांनी मृदुलाच्या कपाळावरचे केस मागे सारले. मी तिथेच उभी राहिले. सोमवारच्या दुपारपासून बुधवारच्या सकाळपर्यंत, सगळं पाणी. मीही पाणीच पाजत होते, गजर लावून, माप बघून. आणि उपाध्यांच्या दुकानात साप साप म्हणून भुई धोपटून आले होते.

मामंजींना तिथल्या तिथे सांगावं असं ओठांवर आलं. पण पोर त्यांच्या मांडीवर, आणि त्यांचे डोळे जागरणाने लालबुंद. मी नुसतं “बरं” म्हटलं, पिशवी उचलली आणि तडक पंचायत समितीत गेले. तिथे आमचे हे हेडक्लार्क होते.

हे बाहेर व्हरांड्यात आले. “काय गं, ताप वाढला का?”

“उपाध्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, औषध हलवून द्यायचं म्हणून?”

“म्हणाले होते काहीतरी.”

“मग तुम्ही घरात का नाही सांगितलं?”

“त्यात काय सांगायचं? बाटली माणूस हलवतोच. खोक्यावर लिहिलेलं पण होतं.”

“खोकं कुठाय?”

“खोकं कोण ठेवतं? टाकलं मी वाटेतच.”

टाकलं! लेबलावर इंग्रजीत लिहिलेलं होतं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. मला इंग्रजी येत होतं. मी ते वाचलं नाही, ती चूक माझी, आणि ती मी आजही नाकारत नाही. पण मी झालेलं सगळं सांगितल्यावर ह्या माणसाने पहिला प्रश्न काय विचारावा?

“अण्णांना सांगितलंस?”

“नाही अजून.”

“सांगू नकोस. आणि डॉक्टरांना तर अजिबात नको.” ह्यांनी आत कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. “अगं, अण्णांचा मान आहे गावात. वैद्यांच्या मुलाने नातीचं औषध फेकून दिलं, हे उद्या सगळ्या पेठेत होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण असं करू, तुझ्याकडून दोन-तीन डोस राहिले म्हणून सांगू.”

“माझ्याकडून?”

“ड्यूटीच्या गडबडीत. आईकडून राहतो एखादा. तुला कोण काय म्हणणार आहे?”

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. पण व्हरांड्यात मी आवाज दाबून बोलले, कारण मला भांडायचं नव्हतं, पोर वाचवायची होती. “अहो, डोकं चालवा जरा! दोन-तीन डोस राहिले म्हटलं, तर डॉक्टर समजणार की बाकीचे पोटात गेलेत, आणि तरी पोर बरी होत नाही. म्हणजे हे औषध कामाचं नाही. मग मिरज आलंच, ऑपरेशन आलंच. औषध पोटात गेलंच नाही, हे त्यांना कळलं तर ते निदान एकदा नीट देऊन बघतील ना?”

“मिरजेला मोठे डॉक्टर आहेत. त्यांचं ते बघतील.”

“मी खोटं बोलणार नाही.”

“बरं बाई, तू काहीच बोलू नकोस. काय सांगायचं ते मी बघतो.”

मला वाटलं, ह्यांना पटलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, तरी मला तसं वाटलं, इतकी मी भाबडी.

त्या दिवशी मी ड्यूटीची रजा टाकली आणि संध्याकाळी सहाला आम्ही डॉक्टर सावर्डेकरांच्या दवाखान्यात. मृदुला मामंजींना सोडेना, म्हणून तेही आत आले आणि भिंतीकडच्या बाकावर तिला घेऊन बसले. डॉक्टरांनी कानामागे बोट लावलं तशी ती किंचाळली. सकाळपेक्षा सूज वाढली होती, कान पुढे आल्यासारखा दिसत होता.

“औषध चालू असताना एवढं वाढायला नको,” डॉक्टर म्हणाले.

तर हे खाकरले आणि म्हणाले, “डॉक्टर, खरं सांगायचं तर हिच्याकडून तीन-चार डोस राहिलेत.”

दुपारी दोन-तीन होते. संध्याकाळपर्यंत तीन-चार झाले!

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. पुढची दहा मिनिटं ते थांबले नाहीत. “सकाळी काय म्हणालात मला? घड्याळ लावून देते! चक्क खोटं? हे काय टॉनिक आहे का, आठवलं तर दिलं नाही तर नाही? अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत बाई, उलट दांडगे होतात. उद्या हे मेंदूपर्यंत गेलं तर कुणाच्या नावाने रडणार? नोकऱ्या करायच्या, पोर म्हाताऱ्या सासऱ्यांच्या गळ्यात टाकायची, आणि आम्ही इथे निस्तरत बसायचं. पोटची मुलगी आहे ना ही तुमची?” बाहेर बसलेल्या पेशंटांनाही सगळं ऐकू जात होतं. कंपाउंडर दारातून डोकावून गेला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

मग डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. “मिरजेला चिठ्ठी देतो. उद्या पहाटेच्या गाडीने निघा.”

“लिहू नका,” मी म्हटलं.

टेबलाखाली ह्यांनी माझ्या पायावर पाय दाबला. “पाय काढा,” मी मोठ्याने म्हटलं. मग बाटली टेबलावर ठेवली. “डॉक्टर, माझ्याकडून एकही डोस राहिलेला नाही. सहाच्या सहा दिलेत. पण त्यात औषधच नव्हतं. हे बघा. घरी हे गाळलं गेलंय. तळाची सगळी पावडर टाकून दिली आणि वरचं पाणी तेवढं पोरीला दिलं, अगदी पहिल्या डोसपासून. तेव्हा हे औषध लागू पडलं नाही असं धरून चिठ्ठी लिहू नका.”

डॉक्टरांनी बाटली उजेडाला धरली. “कुणी गाळलं?”

हे परत कॅलेंडरकडे बघायला लागले.

“मी,” बाकावरून मामंजी म्हणाले. “का? काय झालं? गाळ होता तो.”

“अण्णा, तो गाळ नव्हता.” डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला. “औषध तेच होतं. ते तळाशी बसतं. पाण्यात उतरतं ते अगदी थोडं.”

“म्हणजे तीन दिवस पोर पाण्यावर होती?”

“जवळजवळ.”

मामंजींनी मृदुलाकडे पाहिलं. मग ते ह्यांच्याकडे वळले.

“तुला हे ठाऊक होतं?”

“दुपारी कळलं, अण्णा.”

“मग सूनबाईचं नाव का घेतलंस?”

“तुमच्यासाठीच. गावात उगाच…”

“माझ्यासाठी?” मामंजींचा हेडमास्तरांचा आवाज मी तोवर ऐकलेला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला. “मी मागितली होती अब्रू तुझ्याकडे? गाढवपणा मी केला, तो माझा मी सांगितला असता. तो झाकायला तू पोरीचं हाड कापायला निघालास? आणि ही बिचारी दहा मिनिटं शिव्या खात होती, तेव्हा तू कॅलेंडर वाचत होतास!”



डॉक्टरांनी मिरजेची चिठ्ठी बाजूला सारली. फाडली नाही. “चोवीस तास इथे ठेवू,” ते म्हणाले. “इंजेक्शन देतो. उद्या संध्याकाळपर्यंत ताप उतरायला लागला तर ठीक. नाही उतरला, तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही, मिरज.” माझ्याशी ते आणखी काही बोलले नाहीत. मघाच्या दहा मिनिटांबद्दल तर अवाक्षर नाही.

त्यांच्याकडे चार खाटा होत्या. एकीवर मृदुलाला निजवलं. गुरुवारची दुपार होईपर्यंत मी तिच्या कपाळावरचा हात काढला नाही. दोनच्या सुमाराला तिला दरदरून घाम आला, अंगातला झगा भिजला, आणि तिने डोळे उघडून “आई, भात” म्हटलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले. शुक्रवारी सूज निम्मी झाली. शनिवारी सकाळी डॉक्टरांनी इंजेक्शन बंद केलं आणि तेच औषध नव्याने सात दिवसांसाठी लिहून दिलं.

ते आणायला मी मुद्दाम अकरा वाजता गेले, दुकान भरलेलं असताना. मामंजी म्हणाले, “मी येतो.” काठी घेऊन आलेही.

“उपाध्ये,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “बुधवारी मी तुम्हाला बनावट माल विकणारे म्हणाले. तुमचं औषध चोख होतं. चूक आमच्या घरात होती.”

उपाध्ये अवघडले. “असू दे ताई. आत या ना, पाणी घ्या.”

“आत कशाला? ओरडले तर बाहेर होते.”

“आणि ते औषध फेकलं मी,” मामंजी काठी टेकत म्हणाले. “गाळ समजून. चौपदरी फडक्यातून गाळून. सगळ्यांनी ऐकून ठेवा, बाबांनो, आणि घरी जाऊन बाटल्या हलवा.”

कुणी हसलं नाही. कोपऱ्यात उभी एक म्हातारी म्हणाली, “अण्णा, मीबी वरचं वरचं दिलं की हो नातवाला. खाली माती ऱ्हायली म्हणून मोरीत ओतलं.” एक तरुण बाप लेबल वाचायला लागला. आमच्या ह्यांना ज्या अब्रूची एवढी काळजी पडली होती, ती उपाध्यांच्या दुकानात पाच मिनिटांत जायला हवी होती. ती गेली नाही. उलट उपाध्यांनी मामंजींना स्टूल दिलं.

घरी आल्यावर मामंजींनी नवी बाटली ह्यांच्या हातात ठेवली. “नोकरीच्या गडबडीत बायकांकडून डोस राहतात, असं तू डॉक्टरांना सांगितलंस. आता सातही दिवस तू द्यायचं. तिन्ही वेळा. रजा टाक.”

“अण्णा, मार्चअखेर आहे! रजा कोण देणार?”

“टाक म्हणतोय ना.”

हेडक्लार्क साहेबांनी मार्चअखेरीला सात दिवस रजा टाकली. ऑफिसात काय कारण सांगितलं देव जाणे. पहिले तीन दिवस अगदी ताठ होते. बाटली अशी खडखडवायचे, की शेजारच्यांना कळायचं औषधाची वेळ झाली. माप घ्यायला खिडकीत जायचे. मृदुला तोंड मिटायची, हे गोष्ट सांगायचे, तेवढ्यात ती थुंकायची, मग परत तेच. “रोज हे असंच असतं का?” ह्यांनी मला एकदा विचारलं. “नाही,” मी म्हटलं, “रोज ह्याच्याशिवाय स्वयंपाक पण असतो.”

चौथ्या दिवशी मी रात्री आठला ड्यूटीवरून आले. बाटलीकडे नजर गेली. मी रोज लेबलाच्या कडेला पेनाने खूण करायचे. औषध सकाळच्या खुणेवरच होतं.

“दुपारचा डोस?”

ह्यांनी कान खाजवला. “अगं, ताप नाही, छान खेळत होती. झोपली तर म्हटलं झोपू दे, उठल्यावर देऊ. मग माझाच डोळा लागला. अण्णा कीर्तनाला गेले होते.” मग घाईने म्हणाले, “आता दोन्ही एकदम देऊन टाकू का?”

“खबरदार! राहिला तो राहिला. दुप्पट द्यायचं नाही. आत्ताचा तेवढा द्या, नीट हलवून. आणि ताप नाही म्हणून थांबायचं नाही, सात दिवस म्हणजे सात दिवस.”

दिला. मग बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाले, “डॉक्टरांना सांगू नकोस हं.”

“मी नाही सांगणार,” मी म्हटलं. “तुम्ही सांगणार.”

आठव्या दिवशी सगळे परत दवाखान्यात. डॉक्टरांनी कान पाहिला, कानामागे दाबून पाहिलं. मग मृदुलाच्या पाठीमागे जाऊन अगदी हळू म्हणाले, “चॉकलेट कुणाला हवं?” ती गर्रकन वळली. माझ्या छातीवरचं ओझं तेव्हा उतरलं. “ऐकू चांगलं येतंय,” डॉक्टर म्हणाले. “हाड वाचलं. सगळे डोस पूर्ण झाले ना?”

मी तोंड मिटून घेतलं. मामंजी बाकावर बसले होते. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

“एक राहिला, डॉक्टर,” हे म्हणाले. “चौथ्या दिवशी, दुपारचा. माझ्याकडून राहिला.”

खरं सांगते, मला बरं वाटलं. एवढं खरं त्या बुधवारीच बोलले असते तर मला शिव्या खाव्या लागल्या नसत्या, पण आता तरी बोलले. मी ह्यांच्यासाठी दोन शब्द बरे बोलणारही होते.

तेवढ्यात डॉक्टर खो खो हसले. “अहो, चालायचंच! ऑफिसची माणसं तुम्ही, एखादा राहायचाच. पुढचा डोस दुप्पट नाही ना दिलात? मग झालं तर! उलट मार्चअखेरीला रजा काढून मुलीचं केलंत. असे बाप किती असतात हो?” आणि त्यांनी टेबलावरून हात पुढे करून ह्यांच्या पाठीवर थाप मारली.

हे लाजून हसले.

मी मृदुलाला मामंजींच्या मांडीवर दिलं. उठायला निघालेले सगळे, पण मी खुर्ची टेबलाजवळ ओढून परत बसले.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “माझ्याकडून एकही डोस राहिला नव्हता, तरी तुम्ही मला दहा मिनिटं बोललात. सगळा दवाखाना ऐकत होता. ह्यांच्याकडून तर खरोखर राहिलाय. ह्यांनाही बोला.”

“अहो, पण…”

“जंतूंचं बोला, नोकरीचं बोला, पोटच्या मुलीचं बोला. मला जेवढं बोललात तेवढंच, कमी नको.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ह्यांचे कान लाल झाले होते. कंपाउंडर पुढच्या पेशंटला आत सोडायला आला आणि दारातच थबकला.

“बोला डॉक्टर, बोला,” बाकावरून मामंजी म्हणाले. “पेशंट थांबतील जरा.”

“आवाज तेवढा मोठा ठेवा,” मी म्हटलं, आणि पर्स मांडीवर घेऊन ऐकायला बसले.